बेचकीतली बिऱ्हाडकरीण

तिला डोळे नाहीत. पंख नाहीत, उडी मारता येत नाही. अंगाने पाव ते अर्धा मिलिमीटर, पांढुरकी, गोलसर, पाठ फुगीर आणि पोट चपटं. आठ आखूड पाय. कोळी आणि गोचीड ज्या कुळातले, त्याच कुळातली ही. सुईच्या टोकावर उचलून धरली तर चांगल्या नजरेच्या माणसाला ठिपक्याएवढी दिसते, एरवी नाहीच. शास्त्रज्ञांच्या वहीत तिचं नाव सार्कोप्टिस स्केबिआय. आश्रमशाळेतल्या मुलींना, वीटभट्टीवरच्या बायांना, ऊसतोडीच्या तळावरच्या म्हातारीला हे नाव ठाऊक नाही. तिने केलेला उद्योग तेवढा त्यांना ठाऊक आहे: खरूज.

बाई कष्टाळू आहे, हे आधी मान्य करायला हवं. अंगावर आली की पहिल्यांदा जागा हेरते. बोटांची बेचकी, मनगटाची आतली बाजू, कोपर, काख, बेंबीभोवतीचा आणि कमरेचा पट्टा, बायकांच्या स्तनाग्रांभोवती, पुरुषांच्या जननेंद्रियावर; तान्ह्या बाळांत तर तळहात आणि तळपायसुद्धा. जिथे कातडी पातळ आणि घडीची, तिथे हिचं मन रमतं. मग ती खोदायला लागते. कातडीच्या अगदी वरच्या थरात, जिथे रक्तही नाही आणि वेदनाही नाही, तिथून आडवं बीळ काढत जाते. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. मागे रोज दोन-तीन अंडी ठेवते, विष्ठाही तिथेच टाकते, आणि पुढे सरकते. परत कधी बाहेर येत नाही. महिना-दोन महिन्यांचं आयुष्य ती या एका गल्लीत काढते आणि गल्लीच्या टोकाशी मरते.

अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. पिल्लं सहा पायांची असतात; कात टाकली की उरलेले दोन पाय येतात. दोनेक आठवड्यांत ती कर्तीसवरती होतात. पण बहुतेक पिल्लं वाटेतच संपतात. म्हणून अंगभर पुरळ उठलेल्या, रात्रभर खाजवणाऱ्या माणसाच्या सबंध अंगावर मोजायला गेलं तर या बाया असतात सरासरी दहा-पंधरा. एवढ्या मोठ्या गोंधळामागे एवढंसं मनुष्यबळ, हे कुणाला खरं वाटत नाही.

गोंधळ खरं तर तिचा नसतोच. खाज येते ती तिच्या लाळेविरुद्ध, विष्ठेविरुद्ध, अंड्यांविरुद्ध आपल्या शरीराने केलेल्या तक्रारीची. आणि शरीर ही तक्रार फार उशिरा करतं. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. या महिन्या-दीड महिन्यात माणूस धडधाकट असतो, शाळेत जातो, भावंडाच्या कुशीत झोपतो आणि दुसऱ्याला देत राहतो. पहिल्या मुलाने खाजवायला सुरुवात करेपर्यंत बाईने शेजारच्या दोन अंथरुणांवर बिऱ्हाड थाटलेलं असतं. दुसऱ्यांदा ती आली की मात्र शरीर ओळखतं आणि एक ते चार दिवसांतच बोंब मारतं. तोवर उपयोग संपलेला असतो.

रात्री तिचा खरा दरबार. पांघरूण घेतलं, अंग उबदार झालं की खाज पेटते. मूल झोपेत खाजवतं, नखांनी ओरबाडतं, कुशी बदलतं, शेजारच्याला जागं करतं. सकाळी वर्गात डोळे मिटतात. गुरुजी म्हणतात, लक्ष नाही. घरचे म्हणतात, आंघोळ करत नाही. मुलगी बाहीत हात लपवते, कारण मधल्या सुट्टीत कुणी तिच्या ताटाशेजारी बसत नाही. बाईच्या सगळ्या करामतींत ही सर्वात वाईट: काम ती करते आणि लाज दुसऱ्याला वाटते.

अस्वच्छतेचा हा डाग तिने फुकट मिळवला आहे. साबणाने ती जात नाही. दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्याच्या कातडीतही ती तितक्याच निवांतपणे राहते, कारण पाणी तिच्या गल्लीत शिरत नाही. तिला घाण लागत नाही, ऊब लागते. आणि एका माणसाची कातडी दुसऱ्याच्या कातडीला बराच वेळ टेकलेली लागते. इंग्लंडात केनेथ मेलनबी नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेफील्डला सिद्ध केलं. युद्धात खरूज फार वाढली होती आणि सैनिकांच्या घोंगड्या, कपडे निर्जंतुक करण्यावर सरकारची शक्ती खर्च होत होती. मेलनबीने १९४१ मध्ये स्वयंसेवक जमवले. लढायला नकार देणारे शांततावादी तरुण होते ते. खरजेच्या रुग्णांनी वापरलेल्या घोंगड्यांत ते झोपले, त्यांची न धुतलेली अंतर्वस्त्रं त्यांनी घातली. लागण अगदी थोड्यांना झाली. रुग्णाशेजारी एकाच अंथरुणात झोपल्यावर मात्र झाली. दोष घोंगडीचा नव्हता, घोंगडीतल्या दाटीचा होता.

दाटी कुणाच्या वाट्याला येते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या कारखान्याच्या तळावर उतरतात. बांबू, पाचट आणि ताडपत्रीची कोपी. आत वाकून शिरायचं, आणि त्या एवढ्याशा जागेत नवरा-बायको, तीन पोरं, कधी सासूही. थंडीत पोरं एकमेकांना बिलगून झोपतात, कारण पांघरुणं मोजकी. वीटभट्टीवर तेच, शहराच्या झोपडपट्टीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत तेच. डोंगरातल्या काही आश्रमशाळांत दिवसा ज्या खोलीत वर्ग भरतो तिथेच रात्री सतरंज्या पडतात, आणि पौषातल्या थंडीत दोन मैत्रिणी दोन चादरी एकावर एक घालून एकत्र झोपतात. त्यांना कुणी सांगावं की लांब झोपा? जवळ झोपणं ही चूक नव्हे. त्यांच्याकडे थंडीवरचा तेवढाच इलाज आहे.

या बाईला वेषांतर चांगलं जमतं. उन्हाळ्यात ती घामोळं म्हणून खपते, पावसाळ्यात डास-पिसवा चावल्याच्या खुणा म्हणून, एरवी इसब किंवा नायटा म्हणून. दुकानदाराकडे गेलं की तो खाजेचं म्हणून एक ट्यूब देतो. त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर जोरकस स्टिरॉइड, असं सगळं एकत्र असतं. दोन दिवसांत खाज उतरते, लाली जाते आणि घरचे खूश होतात. आत बाईही खूश, कारण स्टिरॉइडने शरीराची तक्रार दाबली, तिला मात्र हात लावला नाही. ती आरामात वाढते. आता पुरळाचं रूप इतकं बदलतं की पुढे डॉक्टरलाही ओळखायला कठीण जातं.

ओळखायला तसं फार लागत नाही. प्रयोगशाळा नसली तरी चालतं. बेचकीत, मनगटावर वाकडीतिकडी करडी रेघ दिसते का बघायचं. तीच तिची गल्ली. दिसत नसेल तर संशय आलेल्या जागी पेनची शाई लावून स्पिरिटच्या बोळ्याने पुसली की वरची शाई जाते आणि बिळात शिरलेली तेवढी रेघेसारखी उरते. त्वचातज्ज्ञाच्या भिंगाखाली त्या रेघेच्या टोकाशी एक छोटा काळसर त्रिकोण दिसतो. ते बाईचं तोंड आणि पुढचे पाय. पण हे काही हाताशी नसलं तरी तीन प्रश्न पुरतात. खाज रात्री वाढते का? पुरळ ठरावीक जागांवर आहे का? आणि घरात, खोलीत, शेजारच्या अंथरुणावर आणखी कुणी खाजवतंय का? तिन्हींची उत्तरं हो आली तर आशाताईसुद्धा बरोबर अंदाज करू शकते. कुत्र्याला मात्र उगाच बदनाम करू नये. त्याच्या अंगावरची खरूज याच कुळातली असली तरी ती माणसावर चार दिवस त्रास देते आणि वंश न वाढवता संपते.

या बाईला ओळखण्याचा मान गरिबांनी डॉक्टरांच्या आधी मिळवला आहे. १६८७ मध्ये जोव्हानी कोसिमो बोनोमो या इटालियन वैद्याने औषधविक्रेत्या चेस्तोनीच्या साथीने खरजेतून हा किडा काढला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, अंडी घालताना पाहिला, आणि रोगाचं कारण हाच, असं निसर्गशास्त्रज्ञ फ्रान्चेस्को रेदीला लिहिलेल्या पत्रात मांडलं. विद्वानांनी ते मानलं नाही. खरूज शरीरातल्या दूषित द्रवांतून येते, हेच ठरलेलं होतं. पुढे पॅरिसमध्ये गालेस नावाच्या एकाने किड्याची चित्रं काढून दाखवली, तर ती चीजवरच्या किड्याची असल्याचा आरोप झाला. शेवटी ऑगस्ट १८३४ मध्ये सेंट लुई रुग्णालयात रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर सुईने किडा बाहेर काढून दाखवला. तो ही विद्या विद्यापीठात शिकला नव्हता. तो कोर्सिका बेटावरचा होता, आणि तिथल्या गरीब बाया आपल्या पोरांच्या हातांतून हे किडे सुईने टिपून काढत. रेनुचीच्या आधीच्यांची फसगत झाली ती पुरळाच्या फोडात शोधल्यामुळे. बाई फोडात नसते. फोडापासून थोडी दूर, गल्लीच्या टोकाशी असते. कोर्सिकातल्या आयांना हे माहीत होतं.

तिला कुणी हसून सोडून देऊ नये म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. ती स्वतः कुणाला मारत नाही, पण दार उघडं ठेवून जाते. खाजवून फुटलेल्या कातडीतून स्ट्रेप्टोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस हे जंतू आत शिरतात. फोड पुवाळतात, मधाळ रंगाच्या खपल्या धरतात, काखेत-जांघेत गाठी येतात. काही मुलांत स्ट्रेप्टोकॉकसची झळ दोन-तीन आठवड्यांनी मूत्रपिंडाला लागते. सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या, पाय जड, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची आणि कमी. तेव्हा घरचे म्हणतात, किडनीचं कसं काय झालं? हाताच्या बेचकीतल्या त्या रेघेशी याचा संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही. पुवाळलेली खरूज असलेल्या मुलाची लघवी आणि सूज विचारणं म्हणूनच कातडीकडे बघण्याइतकं महत्त्वाचं.

तिचा आणखी एक अवतार आहे, क्वचित दिसणारा. ज्यांची प्रतिकारशक्ती खचली आहे, ज्यांना खाजवता येत नाही किंवा संवेदनाच नाही, अशा माणसांत ती दहा-पंधरावर थांबत नाही. हजारो, कधी लाखो होते. हातापायांवर जाड, भेगाळलेली पुटं चढतात आणि खाज फारशी येतच नाही. नॉर्वेतल्या डॅनिएलसन आणि बोक यांनी १८४८ मध्ये कुष्ठरोग्यांत याची नोंद केली. अशी एक व्यक्ती वृद्धाश्रमात किंवा वॉर्डात असली की सगळी इमारत पुन्हा पुन्हा खाजवत राहते. इथे मात्र गळून पडलेल्या खपल्यांत, चादरीतही ती भरपूर असते, आणि मेलनबीचा घोंगडीबद्दलचा दिलासा लागू पडत नाही.

शत्रू तिला पुष्कळ. गंधक हा सर्वात जुना, वासाचा आणि चिकट, पण अजूनही तान्ह्या बाळांना आणि गरोदर बाईला चालणारा. बेंझिल बेंझोएटचं पांढरं औषध सरकारी दवाखान्यांतून वर्षानुवर्षं वाटलं गेलं. ओरबाडलेल्या कातडीवर ते असं झोंबतं की पोरं दुसऱ्यांदा लावायचं म्हटलं की पळून जातात. पर्मेथ्रिनचं पाच टक्क्यांचं मलम आजचं मुख्य हत्यार. आणि पोटात घ्यायची आयव्हरमेक्टिनची गोळी, वजन बघून. पंधरा किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बाईला ती देत नाहीत.

मलम लावण्याची रीत साधी आहे आणि तिथेच बाई जिंकते. मलम खाजेच्या जागी लावायचं नसतं. मानेपासून तळपायापर्यंत सगळ्या अंगाला लावायचं: बेचक्या, नखांच्या खाली, बेंबी, ढुंगणाची घडी, पायाची बोटं, काही सोडायचं नाही, तान्ह्या बाळाला डोळे-तोंड वगळून डोक्यालाही. रात्री लावून सकाळी आंघोळ. मध्ये हात धुतले तर हाताला पुन्हा लावायचं. आठवड्याने परत एकदा सगळं, कारण पहिल्या फेरीत वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात. आयव्हरमेक्टिन तर अंड्यांना मारतच नाही, म्हणून तिचीही दुसरी मात्रा आठवड्या-दोन आठवड्यांत. त्या सकाळी अंथरूण-पांघरूण आणि अंगावरचे कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकायचे. धुता येत नाहीत ते प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून तीन दिवस बाजूला ठेवायचे. माणसाच्या उबेवाचून ती तेवढे दिवस काढू शकत नाही. धुरी, फवारणी, घर रिकामं करणं, काही नको. आणि एक बजावणं: बाई मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते, कारण तिचं सामान अजून कातडीत पडलेलं असतं. हे कुणी सांगितलं नाही की माणूस औषध फुकट गेलं म्हणतो आणि रोज मलम चोपडून कातडी भाजून घेतो.

इतकं सगळं नीट केलं तरी ती परत येते. कारण केसपेपरवर नाव एकच असतं. आरोग्य केंद्रात मुलाला दाखवलं, मुलाच्या नावाने एक ट्यूब मिळाली. तीस ग्रॅमची ट्यूब एका मोठ्या माणसाला एकदा लावायला पुरते. घरात माणसं सहा. आई ती ट्यूब मुलाच्या हाताला लावते, उरलेली धाकटीच्या पोटाला, आणि स्वतःला नाही. आठवड्याने परत लावायचं म्हणून सांगितलेलं असतं, तोवर ट्यूब संपलेली असते किंवा टोळी पुढच्या फडावर गेलेली असते. वसतिगृहात चार मुलींना सुट्टी देऊन घरी पाठवतात. त्या घरच्यांना देऊन, बऱ्या होऊन येतात, आणि खोलीत मागे राहिलेल्या, अजून न खाजवणाऱ्या मैत्रिणींकडून पुन्हा घेतात. बाई माणसं मोजत नाही, अंथरुणं मोजते. आपण केसपेपर मोजतो.

तिच्या पद्धतीने मोजलं तर काय होतं, हे फिजी बेटांवर बघायला मिळालं. तिथे दर तिसऱ्या माणसाला खरूज होती. तीन वस्त्या निवडल्या. एकीत नेहमीसारखे फक्त रुग्ण आणि त्यांच्या सहवासातले लोक औषधाला धरले, दुसरीत सगळ्यांना पर्मेथ्रिन, तिसरीत सगळ्यांना आयव्हरमेक्टिन. वर्षभराने पहिल्या वस्तीत खरूज ३७ टक्क्यांवरून १९ वर आली, दुसरीत ४२ वरून १६ वर, आणि तिसरीत ३२ वरून २ टक्क्यांवर. पुवाळलेले फोडही त्याबरोबर उतरले. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आयव्हरमेक्टिनच्या शोधासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना नोबेल मिळालं. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं. जगात कोणत्याही क्षणी वीस कोटींहून अधिक लोक तिला अंगावर वागवत असतात, असा अंदाज आहे.

आपल्याकडे गोळी आहे आणि ती घरोघर नेण्याची सवयही आहे. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगासाठी तीन औषधांची मोहीम झाली. त्यातलं एक आयव्हरमेक्टिन. कार्यकर्ते दारात आले, उंची-वय बघून गोळ्या मोजल्या आणि समोर गिळायला लावल्या. हत्तीरोग कुणाला आहे, हे विचारलंच नाही. घरात माणसं किती, हे विचारलं. मे २०२१ मध्ये गोव्यात तर अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना हीच गोळी कोरोनाच्या प्रतिबंधासाठी देण्याचं जाहीर झालं होतं, जागतिक आरोग्य संघटना चाचण्यांबाहेर वापरू नका म्हणत असतानाही. ज्या रोगावर तिचा गुण सिद्ध नव्हता त्यासाठी सबंध राज्याचा विचार चटकन झाला. जिथे तिचा गुण सिद्ध आहे, त्या कोपीत अजून एक ट्यूब सहा जणांत वाटली जाते.

म्हणून बाईचा हिशेब चुकवायचा तर औषधाआधी प्रश्न बदलावा लागेल. आरोग्य केंद्राच्या खिडकीपाशी, आश्रमशाळेच्या तपासणीत, ऊसतोडीच्या तळावर "खाज कुणाला आहे?" एवढ्यावर थांबायचं नाही. विचारायचं, "रात्री एका खोलीत किती जण झोपता?" जो आकडा येईल, तेवढ्या माणसांचं औषध एकाच वेळी द्यायचं, आणि आठवड्याने तेवढंच पुन्हा.